वसईहून सांदण: एका दिवसात दरी काठावरून पाहताना

दिवाळीची आवराआवर संपते, पहाटे पांघरूण ओढून घ्यावेसे वाटू लागते आणि वसई-विरारच्या सोसायट्यांमध्ये, नाक्यांवर, लोकलच्या डब्यात सांदण दरीचा विषय निघतो. कुणाच्या तरी मोबाइलवर दोन काळ्या भिंतींमधून दिसणारी आभाळाची पट्टी असते. मग ठरलेला प्रश्न येतो, ‘रविवारी पहाटे निघून रात्री परत येता येईल का?’ येईल. मात्र घरातून निघण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करायला हवी. दरी काठावरून आणि तोंडाशी पाहायची, शेवट गाठायचा हट्ट धरायचा नाही. एवढे पाळले तर एका दिवसात सांदण आणि जवळचा घाटघरचा कोकणकडा दोन्ही मनसोक्त पाहून होतात. शेवट गाठायच्या मागे लागलात तर दरी घाईत उरकते, कडे अंधारात जातात आणि घरी पोहोचेपर्यंत मध्यरात्र उलटते.

काठावरून पाहणे हे कमी प्रतीचे पाहणे नव्हे. अमेरिकेतली ग्रँड कॅन्यन ४४६ किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटरहून अधिक खोल आहे. तिथे जाणारे बहुतेक लोक ती काठावरच्या ठिकाणांवरूनच पाहतात. तिथल्या राष्ट्रीय उद्यानाची पर्यटकांना स्पष्ट सूचना असते की, काठावरून तळाच्या नदीपर्यंत उतरून त्याच दिवशी परत वर येण्याच्या फंदात पडू नका. कारण साधे आहे. उतरताना दम लागत नाही, म्हणून माणूस झेपेल त्यापेक्षा जास्त खाली जातो आणि चढण मात्र शेवटी, पाय थकल्यावर समोर येते. आपली सांदण त्या मानाने चिमुकली, पण नियम इथेही तोच लागू होतो. त्यात वसईकराला परतीचा पाच तासांचा रस्ता वेगळा मोजावा लागतो.

सांदण आहे अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, भंडारदरा धरणामागच्या साम्रद गावाजवळ. सह्याद्रीची मुख्य धार इथे कोकणावर तुटते. पठारावरून चालत गेले की जमिनीला विळीवर धरून चीर द्यावी तशी एक घळ समोर येते. सुरुवातीला ती उथळ वाटते, पण जसजशी कोकणाकडे सरकते तसतशा दोन्ही भिंती दोनशे, तीनशे, काही ठिकाणी चारशे फुटांपर्यंत उंचावतात. लांबी दीड-दोन किलोमीटर. खडक काळा बेसॉल्ट, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्यातल्या उभ्या भेगांत पावसाळ्याचे पाणी पिढ्यान्‌पिढ्या नव्हे, युगानुयुगे घुसत राहिले आणि दरी घडली. आजही दर पावसाळ्यात हे काम चालू असते, म्हणून त्या चार महिन्यांत माणसाने दरीत पाऊल टाकायचे नसते.

हंगामाचे गणित नीट समजून घ्या, कारण सहल इथेच फसते किंवा साधते. जून ते सप्टेंबर घाटघर-साम्रद पट्ट्यात पाऊस नुसता कोसळतो. घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात ते उगाच नाही. या दिवसांत कोकणकड्यावर वाऱ्याचा जोर असला तर खाली पडणारे पाणी वर उडताना दिसते, पण धुके उतरले की दोन-दोन तास हातभर अंतरावरचेही दिसत नाही. दरी बंद, कडा नशिबावर. पावसाळ्यात जायचेच असेल तर हिरवाई आणि धबधबे पाहायला जा, कड्यावरून कोकण दिसेल ही अपेक्षा घरी ठेवून जा. ऑक्टोबरमध्ये हवा धुतल्यासारखी स्वच्छ असते आणि गवत अजून हिरवे असते. लांबवर पाहायला हे दिवस सर्वांत चांगले, पण दरीत पाणी भरपूर असते आणि परतीच्या पावसाची एखादी सर आली तरी आत थांबणे धोक्याचे. डिसेंबर ते फेब्रुवारी दरीच्या तोंडाशी उतरायला सोयीचे, फक्त सकाळी कोकणावर धुरकट थर असतो. मार्च उजाडला की गवत वाळते, कडे तापतात आणि दुपारी सावली शोधावी लागते. मे महिन्याच्या अखेरीस काजव्यांसाठी या भागात मोठी गर्दी होते. ते रात्रीचे प्रकरण, एका दिवसाच्या सहलीत बसत नाही.

माझा कौल नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्याला. शक्यतो शनिवार-रविवार सोडून. रजा मिळत नसेल तर शनिवारी जा. रविवारी संध्याकाळी नाशिक महामार्गावर परतणाऱ्या गाड्यांची रांग लागते आणि सोमवारची ड्युटी डोक्यावर असते.

आता रस्ता. वसईहून साम्रद सुमारे पावणेदोनशे ते दोनशे किलोमीटर. वसई-नायगावकरांनी चिंचोटीहून कामणमार्गे अंजूरफाटा आणि भिवंडी गाठावे. हा रस्ता दिवसा गोदामांच्या ट्रकांनी तुंबलेला असतो आणि पावसाळ्यानंतर खड्ड्यांतून काढावा लागतो, हे इथल्या माणसाला सांगायला नको. म्हणूनच पहाटे साडेतीन-चारला निघायचे. अंजूरफाटा अंधारात मागे पडला की दिवस तुमचा. उजाडल्यावर तिथे पोहोचलात तर तासभर तिथेच गेला म्हणून समजा. विरारकरांना शिरसाड फाट्यावरून वज्रेश्वरी-अंबाडीमार्गे भिवंडीकडे उतरणे बरे पडते, पण त्या रस्त्यावर अंधारात वळणे आहेत, चालवणारा जागा हवा. भिवंडी बायपासनंतर पडघा, शहापूर, कसारा घाट, इगतपुरी आणि घोटी हा नेहमीचा मार्ग. दुसरा पर्याय समृद्धी महामार्गाचा. त्याचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि आमणे भिवंडी तालुक्यातच, पडघ्याजवळ आहे. कसारा घाटाचे चढण त्यामुळे बोगद्यातून पार होते. टोल भरावा लागतो आणि दुचाकीला तिथे मज्जाव आहे. मोटारसायकलवरून जाणाऱ्यांनी जुन्याच मार्गाने जावे, घाटात थंडी झोंबते म्हणून छातीवर जाड जॅकेट घालावे.

घोटी हे शेवटचे मोठे गाव. पेट्रोल, रोख पैसे, औषधे, पाणी, चहा-नाश्ता सगळे इथे उरकून घ्या. पुढे घोटीहून भंडारदऱ्याचा रस्ता लागतो. बारी गावाजवळ कळसूबाई दिसते. १,६४६ मीटर, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. गाडीतल्या कुणाला तरी ‘आलोच आहोत तर’ अशी हुक्की इथे हमखास येते. ती इथेच थोपवा. कळसूबाईला स्वतःचा स्वतंत्र दिवस द्यावा लागतो. शेंडी गावात भंडारदऱ्याचे धरण. प्रवरेवरचे हे विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्याच्यामागे पसरलेल्या जलाशयाला वळसा घालणारा रस्ता दोन्ही बाजूंनी साम्रदला जातो. एक बाजू मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर अशी आणि दुसरी रतनवाडीवरून. जाताना घाटघरकडून जा, येताना रतनवाडीवरून या. असे का, ते पुढे सांगते.

गाडी नसेल तर लोकलने कसारा गाठता येते. वसई रोडहून दादरला येऊन मध्य रेल्वेची कसारा लोकल पकडायची. ट्रेकवाले मध्यरात्रीच्या सुमाराची शेवटची कसारा लोकल धरतात, स्टेशनवर डुलक्या काढतात आणि आधी ठरवलेल्या जीपने पहाटे साम्रदकडे निघतात. आठ-दहा जण असाल तर हा मार्ग खिशाला परवडतो. मात्र जीप आधी फोन करून ठरलेली हवी आणि भाडे जाऊन-येऊन, थांबण्यासह बोललेले हवे. दोघा-तिघांनी या मार्गाने एका दिवसात जाऊन यायच्या भानगडीत पडू नये. एसटीच्या भरवशावर तर साम्रद एका दिवसात होतच नाही.

हा सगळा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. १९८६ सालचे हे अभयारण्य. नाक्यावर माणशी आणि गाडीचे प्रवेश शुल्क घेतात. पावती जपून ठेवा, पुढे पुन्हा विचारतात. दारू आणि प्लास्टिक घेऊन जाऊ नका. गाडीत मोठ्याने गाणी लावू नका. गावात सकाळी शाळेला निघालेली मुले आणि रस्त्याच्या कडेने चालणारी गुरे असतात, गाडी हळू घ्या.

पहिला थांबा घाटघरचा कोकणकडा. इथे सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत पोहोचायचे. कडा पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी ऊन पाठीमागून येते आणि समोरचे कोकण उजळते. दुपारनंतर सूर्य डोळ्यांवर येतो, धुरळा चमकतो आणि खालचे काही धड दिसत नाही. म्हणून घाटघर आधी, रतनवाडी शेवटी. लवकर पोहोचलात तर आणखी एक गोष्ट पाहायला मिळते. कड्याची स्वतःची सावली खाली कोकणातल्या जंगलावर लांबवर पडलेली असते. सूर्य वर येतो तशी ती सावली झाडांवरून, ओढ्यांवरून, एखाद्या पाड्याच्या कौलांवरून हळूहळू मागे सरकत कड्याच्या पायथ्याशी गोळा होते. अर्धा तास एका जागी बसलात तर सावलीची कड सरकताना डोळ्यांनी टिपता येते. फोटो काढून लगेच गाडीकडे वळणाऱ्यांना हे दिसत नाही.

उजव्या हाताला अलंग, मदन आणि कुलंग हे तीन किल्ले. गिर्यारोहक त्यांना एका दमात ‘एएमके’ म्हणतात. मदनच्या पोटातले आरपार भोक, म्हणजे नेढे, हवा स्वच्छ असेल तर कोन साधून दिसते, दुर्बीण असेल तर उत्तम. खाली पाणी दिसते तो घाटघर जलविद्युत प्रकल्पाचा खालचा जलाशय. हा प्रकल्प २५० मेगावॉटचा. विजेची मागणी वाढते तेव्हा वरच्या जलाशयातले पाणी खाली सोडून वीज तयार करतात आणि मागणी उतरली की तेच पाणी पंपाने परत वर चढवतात. मुलांना शाळेच्या पुस्तकात कळत नाही ते इथे वरचे पाणी आणि खालचे पाणी एकाच नजरेत दाखवून समजावता येते.

आणि आपल्यासाठी खास गोष्ट म्हणजे पाण्याच्या वाटा. या कड्याच्या धारेवर पडलेला पाऊस दोन दिशांना जातो. पूर्वेकडे वळलेले पाणी प्रवरेत, प्रवरेतून नेवाशाजवळ गोदावरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. पश्चिमेला कड्यावरून कोसळलेले पाणी शहापूर तालुक्यातल्या ओढ्या-नद्यांतून उल्हास नदीला मिळते. उल्हासची एक वाट वसईच्या खाडीने, आपल्या किल्ल्याला वळसा घालून समुद्रात जाते. म्हणजे पाचू बंदरावर उभे राहून आपण भरतीचे जे पाणी पाहतो, त्यात या कड्याचा वाटा असतो. उत्तरेची आपली दुसरी सीमा वैतरणा, तीही याच डोंगररांगेत त्र्यंबकेश्वरच्या बाजूला उगम पावून अर्नाळ्याजवळ समुद्राला मिळते. वसईची पट्टी सह्याद्रीच्या दोन पाण्यांमध्ये वसलेली आहे. मला विचाराल तर घाटघरला वसईकराने एकदा तरी उभे राहायला हवे ते यासाठी.

कड्यावर कसे उभे राहायचे हेही शिकण्यासारखे आहे. कठड्याच्या अलीकडे राहा. कठडा नसेल तिथे काठापासून दोन माणसे आडवी झोपतील एवढे अंतर ठेवा. काठावर दिसणारे गवत खडकावर आहे की नुसत्या मुरुमावर, हे वरून कळत नाही. वारा कधी एकदम खालून उसळी मारतो आणि टोपी, ओढणी, मोबाइल सावरायला गेलेला माणूस एक पाऊल पुढे टाकतो. अपघात त्या एका पावलाचा असतो. अगदी काठाशी जाऊन खाली डोकावायचेच असेल तर पोटावर झोपून, आणि पाय धरायला दुसरा माणूस ठेवून. सेल्फी काढताना पाठ दरीकडे असते, म्हणून मागे सरकायचे नाही हा नियम घरातल्या प्रत्येकाला गाडीतच सांगून टाका. लहान मुलांचा हात सोडायचा नाही. माकडे खाण्यासाठी अंगावर येतात, तेव्हा कड्यावर पिशवी उघडूच नका.

घाटघरहून साम्रद जवळच. साडेदहा-अकराला पोहोचायचे. गावात गाडी लावा आणि गावातलाच वाटाड्या घ्या. वाट सोपी आहे, पंधरा-वीस मिनिटांची, विचारत-विचारतही जाता येईल. तरी वाटाड्या घ्या. दरीत पाणी किती आहे, कुठला दगड हलतो, मोहोळ कुठे बसले आहे हे त्याला त्या आठवड्याचे ठाऊक असते. या गावाला सांदणमुळे चार पैसे मिळतात. कचरा आणि आरडाओरडा तर आपण देतोच, मजुरीही द्यावी.

सांदणचे दोन चेहरे आहेत आणि एका दिवसात दोन्ही पाहून होतात. पहिला वरचा. दरीच्या बाजूच्या पठारावरून चालत कोकणाच्या टोकाकडे गेले की डावीकडे रतनगड, त्याचा खुटा नावाचा सुळका, बाण सुळका आणि आजोबाचा डोंगर समोर येतात. बाण सुळका पहिल्यांदा पाहणारा माणूस बोलायचा थांबतो, इतका तो एकटा आणि सरळ उभा आहे. याच पठारावरून काही ठिकाणी खाली दरीत डोकावता येते, पण वाटाड्या सांगेल तिथूनच. झुडपांनी झाकलेली कड फसवी असते. जमीन संपली हे पायाखाली येईपर्यंत समजत नाही.

दुसरा चेहरा आतला. दरीच्या तोंडाशी उतरले की काही पावलांतच हवा बदलते. बाहेर ऊन असले तरी आत गार, ओलसर, खडकाला हात लावला तर थंडगार. तळाला माती नाहीच, सगळे धोंडे. काही ओट्याएवढे, काही खोलीएवढे. त्यातले कित्येक हलतात. पाय टाकण्याआधी हाताने किंवा काठीने दाबून पाहा, मगच वजन द्या. पुढे पाण्याचे पहिले डबके लागते. हिवाळ्यात ते साधारण गुडघ्यापासून मांडीपर्यंत असते. त्याच्या पुढचे कमरेच्या वर, पावसाळा लांबला असेल तर छातीपर्यंत. पाणी बर्फासारखे आणि तळाचे दगड शेवाळलेले. एका दिवसाच्या सहलीत पहिल्या पाण्यापाशी किंवा फार तर ते ओलांडून थोडे पुढे जाऊन थांबायचे. तिथवरही दरी पुरेशी दिसते. दोन्ही भिंती जवळ आलेल्या असतात, वर आभाळाची पट्टी, मधोमध अडकलेले धोंडे आणि पाकोळ्यांचे आवाज. तळाशी ऊन फार थोडा वेळ उतरते, काही जागी वर्षातून कित्येक महिने नाहीच. म्हणून अकरा ते दोन या वेळात आतला उजेड त्यातल्या त्यात बरा असतो. दुपारी तीननंतर आत राहू नका.

शेवटाचा मोह टाळा असे मी म्हणते त्याचे कारण इथे नीट सांगते. पुढे चालत गेले तर दरी कोकणावर उघडते, तिथे ती संपत नाही, तुटते. पुढचा उतार टप्प्याटप्प्याने दोर लावून करावा लागतो, खाली शहापूर तालुक्यातल्या डेहणे गावाकडे. तो तयारीच्या गटाचा, दोर-हार्नेस घेतलेला, अख्ख्या दिवसाचा कार्यक्रम. दोर लावायच्या जागेपर्यंत जाऊन परत फिरायचे म्हटले तरी धोंड्यांवरून जाऊन-येऊन चार-पाच तास जातात आणि गुडघे बोलू लागतात. त्यानंतर तुम्हाला किंवा तुमच्यापैकी कुणाला तरी वसईपर्यंत गाडी चालवायची असते. पहाटे साडेतीनला उठलेल्या माणसाने, थकून, रात्री महामार्गावर गाडी चालवणे हा दरीतल्या कुठल्याही धोंड्यापेक्षा मोठा धोका आहे.

आणखी दोन सूचना दरीतल्या. एक, मोहोळ. सह्याद्रीच्या कड्यांवर आग्या माश्यांची पोळी असतात. अत्तर, डिओ लावून जाऊ नका, धूर करू नका, प्रतिध्वनी ऐकायला आरोळ्या ठोकू नका. माशा उठल्या तर अरुंद दरीत पळायला जागा नसते. दोन, वरून पडणारे दगड. पठारावर असताना गंमत म्हणून दगड दरीत भिरकावू नका, खाली माणसे असतात. आणि आत असताना भिंतीच्या अगदी खाली बसून डबा सोडू नका.

जेवण साम्रदलाच. आदल्या दिवशी फोन करून सांगितले तर गावातल्या घरी जेवण मिळते. तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, पिठले किंवा एखादी उसळ, ठेचा, भात, आमटी. ही महादेव कोळी आणि ठाकर समाजांची वस्ती, शेती मुख्यतः भात, नाचणी, वरईची. अकोले तालुका गावठी बियाण्यांसाठीही नावाजला आहे. पद्मश्री मिळालेल्या राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. तेव्हा ताटात आलेला भात कुठला, हे विचारा. काळभात या गावठी वाणाचे नाव निघाले आणि विकत मिळत असेल तर दोन-चार किलो घेऊन या. पैसे रोख द्या, नेटवर्क अनेकदा नसते आणि ऑनलाइन पैशांसाठी घरधनी मोबाइल वर धरून अंगणभर फिरत राहतात. बरोबर वसईची केळी, उकडलेली अंडी, गूळ-शेंगदाणे असावेत. जेवण उशिरा झाले तर मुले रडत नाहीत आणि चालकाचे डोके शांत राहते.

सामान थोडकेच. माणशी दोन लिटर पाणी, चांगल्या पकडीचे बूट, भिजले तर बदलायला चपला आणि एक जोड कपडे, मोबाइल ठेवायला जलरोधक पाकीट, विजेरी, बँडेज आणि ज्याची त्याची नेहमीची औषधे. सपाट तळाच्या चपलांवर दरीत उतरू नका. पाण्यात अनवाणीही जाऊ नका, दगडांच्या कडा कापतात. नकाशा मोबाइलवर आधी उतरवून ठेवा. आणि घरी राहिलेल्या माणसाला गाडीचा नंबर, जाण्याचा मार्ग आणि परतीची वेळ सांगून निघा, कारण दुपारभर तुमचा फोन लागणार नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांना न्यायचे असेल तर बेत थोडा बदला. घाटघरच्या कड्यापर्यंत फार चालावे लागत नाही, तिथे त्यांना निवांत बसू द्या. सांदणच्या तोंडाशी उतरणे गुडघेदुखीवाल्यांना जमणार नाही. त्यांच्यासोबत एकाने गावात थांबावे, बाकीच्यांनी दीड-दोन तासांत परत यावे. स्वच्छतागृहाची सोय शेंडीत उरकून घ्यावी, पुढे भरवसा नाही. बायकांची कुचंबणा होते ती इथेच आणि सहल आखणारे पुरुष ती हमखास विसरतात, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

जेवून दोन-अडीचला साम्रद सोडा आणि रतनवाडीवरून परता. वाटेत अमृतेश्वराचे देऊळ. शिलाहारकालीन मानले जाते. अर्धा तास इथे द्याच. बाहेरच्या भिंतींवरचे कोरीव काम तिरप्या उन्हात उठून दिसते, म्हणून हा थांबा दुपारनंतरचा. देवळाजवळची पुष्करिणी पाहायला विसरू नका. समोर रतनगड दिसेल, तो आज फक्त पाहायचा. रंधा धबधबा शेंडीपासून जवळ असला तरी तुमच्या रस्त्याच्या उलट बाजूला आहे. ऑक्टोबरनंतर पाणी धरणातून सोडले असेल तरच त्याला जोर असतो, एरवी त्यासाठी तास घालवू नका. शेंडीत चारला चहा, अंधार पडण्याआधी घोटी, नऊ-दहापर्यंत वसई. चालक दोन असावेत आणि येतानाचा चालक जातानाचा नसावा.

दोनशे किलोमीटर जाणे ज्यांना झेपणार नाही, त्यांनी आपल्याच पालघर जिल्ह्यातल्या जव्हारला जावे. मनोरहून विक्रमगडमार्गे रस्ता, एसटीनेही होण्यासारखे. गावालगत हनुमान पॉइंट आणि सनसेट पॉइंट, मुकणे संस्थानिकांचा जयविलास राजवाडा, थोडे लांब दाभोसाचा धबधबा. हनुमान पॉइंटवरून दिसणारी दरी सांदणसारखी चिंचोळी नाही, ऐसपैस आणि झाडीची आहे. लहान मुले आणि आजी-आजोबा एकत्र असतील तर मी जव्हारच सुचवीन. तिथे दिवस घाईत जात नाही.

सांदणला निघण्याच्या आदल्या संध्याकाळी साम्रदच्या वाटाड्याला एक फोन कराच. तीन गोष्टी विचारा. गेल्या आठवड्यात पाऊस झाला का, पहिल्या डबक्यात पाणी कुठवर आहे आणि दरी उद्या खुली आहे का. पाऊस झाला असे तो म्हणाला तर दरीचा बेत सोडून द्या, सकाळ घाटघरला आणि दुपार अमृतेश्वराला द्या. तो ‘येऊ नका’ म्हणाला तर वाद न घालता तारीख पुढे ढकला.